माळवदाच्या सागातून खणाचं टेबल

औशाजवळच्या आमच्या गावी घराचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, उतरवलं. सागाच्या तुळया निघाल्या, त्या विकवेनात. त्यातल्या एकीतून आईच्या पलंगाशेजारी ठेवायला दोन खणांचं टेबल केलं. 18 इंच लांब, 15 रुंद, 22 उंच.

जुना साग चांगला मुरलेला असतो. पण चिरण्याआधी तुळईवरून लोहचुंबक फिरवाच. आत मोडका खिळा राहिला असेल तर करवतीचे दात जातात. पाय दीड इंच चौकोनी. आडव्या पट्ट्यांच्या टोकांना कुसू, म्हणजे भोकात बसणारी जीभ, काढून त्या पायांत बसवल्या. जीव ओतायचा तो खणात.

खणाला डव्हटेल जोडच घाला. पारव्याच्या शेपटीसारखे फाकलेले दात बाजूच्या फळ्यांवर काढा, दर्शनी फळीवर नाही. खण ओढताना ताण पुढच्या फळीवर येतो, आणि दात असे असले की डिंक सुटला तरी जोड सुटत नाही. सागाला दातांचा उतार आठ सुतांत एक सूत पुरे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दात आधी कापा. मग दर्शनी फळी शिकंज्यात उभी धरून कापलेली फळी तिच्या टोकावर आडवी ठेवा आणि दातांच्या कडेकडेनं चाकूनं रेघ ओढा. इथं पट्टीनं माप घेऊ नका. दातांमधलं लाकूड पटाशीनं अर्धं एका बाजूनं काढा, उरलेलं फळी उलटून. एकदम आरपार मारलं की मागची कड फुटते.

मी पहिला खण मे महिन्यात केला, अगदी गच्च बसवला. श्रावणात आईचा फोन, "खण उघडंना रे, गोळ्या आतच हायत." साग दमटपणानं रुंदीत फुगतो, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून चार इंच उंच खणावर उन्हाळ्यात अर्धं सूत फट ठेवा. पावसाळ्यात करत असाल तर जाड कागद सरकेल इतकी. तळाच्या फळीच्या रेषा डावीकडून उजवीकडे हव्यात, म्हणजे ती फुगेल ती मागं-पुढं. ती खाचेत नुसती सरकवा, डिंक लावू नका. मागं लांबट भोकात एकच स्क्रू.

खणाच्या खालच्या कडांना मेण घासा. बाहेरून जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, आतून नको, वास कपड्यांना धरतो. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. दोरीवर एकेक पसरून वाळवा.