शीतयुद्ध समजून घ्यायचंय? बर्लिनपासून सुरुवात करा

शीतयुद्ध म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात थेट लढाई न होता चाललेली चुरस. तारखा पाठ करत बसू नका, आधी १९४५ नंतरच्या जर्मनीचा नकाशा उघडा. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांच्यात देशाचे चार भाग झालेले आणि बर्लिन पूर्ण सोव्हिएत भागाच्या आत, तरी त्या शहराचेही चार वाटे, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की अर्धी गोष्ट तिथेच कळते. मग १९४८ ची नाकेबंदी वाचा. सोव्हिएत नेता स्टॅलिनने पश्चिम बर्लिनकडे (म्हणजे शहराच्या बाकीच्या तीन वाट्यांकडे) जाणारे रस्ते, रेल्वे, कालवे बंद केले आणि अमेरिका-ब्रिटनने जवळपास वर्षभर तिथे विमानाने धान्य पुरवलं, कोळसासुद्धा! मला तर हा भाग सगळ्यात भारी वाटतो, कारण गोळीबार न करता ताकद कशी दाखवायची ते इथे दिसतं.

नाटो (अमेरिकेच्या बाजूची लष्करी युती) १९४९, वॉर्सा करार (सोव्हिएत बाजूची युती) १९५५, एवढं सध्या पुरे.

त्यानंतर थेट ऑक्टोबर १९६२, क्युबातल्या क्षेपणास्त्रांचा पेच. इथे मात्र घाई नको. फक्त क्युबातली सोव्हिएत क्षेपणास्त्रं बघून थांबू नका, तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रंही बघा, अमेरिकेचा अध्यक्ष केनेडीने ती काढायचं गुपचूप कबूल केलं होतं आणि ते सोडलं तर सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने माघार का घेतली ते नीट कळतच नाही.