प्रभागात चाचणी शिबिर लावताय? या चुका टाळा

कोरोनाच्या पहिल्या वर्षात महापालिकांनी चाचणी केंद्रे उघडली खरी, पण बऱ्याच ठिकाणी मांडव होता, किट होते, पीपीईत घामाघूम झालेले तंत्रज्ञ होते, फक्त माणसे नव्हती. 'लोकांना कळतच नाही' म्हणून सगळे मोकळे! लोकांना सगळे कळत होते. पॉझिटिव्ह निघालो तर गाडी येईल, गल्लीला पत्रे ठोकतील, चौदा दिवसांचा रोजगार बुडेल आणि मालक परत कामावर घेईल याची खात्री नाही. पुढची साथ कुठल्याही विषाणूची असो, रांगेत उभे राहण्याआधी माणूस हाच हिशेब करणार. शिबिर लावणाऱ्याने तो त्याच्या आधी करून ठेवायला हवा.

आधी स्वॅब, बाकीचे मग बघू

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाचे पुढच्या तासाभरात काय करायचे, हे टेबल मांडण्याआधी ठरलेले हवे. त्याला ठेवायचे कुठे, घरच्या म्हातारीकडे कोण बघणार, रेशन कोण पोचवणार, हे सांगता येत नसेल तर शिबिर दोन दिवस पुढे ढकललेले बरे.

धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी सापडला. एका खोलीत आठ-दहा माणसे आणि शौचालय सार्वजनिक. तिथे 'घरीच वेगळे राहा' या सल्ल्याला अर्थ नव्हता. मुंबई महापालिकेच्या जी उत्तर वॉर्डाने शाळा, हॉल, क्रीडासंकुल ताब्यात घेतले आणि तिथे खाणेपिणे व डॉक्टर यांची व्यवस्था लावली. धारावीचे कौतुक करताना आपण चाचण्यांबद्दल बोलतो, पण त्या चाचण्यांना अर्थ आला तो या व्यवस्थेमुळे, असे माझे मत आहे.

श्रीमंत देशातही गणित वेगळे नसते. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल शहरात ६ नोव्हेंबर २०२० पासून लक्षणे नसलेल्यांचीही फुकट चाचणी सुरू झाली. मदतीला सुमारे दोन हजार सैनिक होते. तरी गरीब वस्त्यांतून प्रतिसाद कमीच आला. मजुरी बुडण्याची धास्ती हे त्याचे एक मोठे कारण, आणि स्मार्टफोन-इंटरनेट हाताशी नसणे हे दुसरे. घरी बसावे लागणाऱ्या गरीब कामगारांना ५०० पौंडांची मदत सप्टेंबरातच जाहीर झाली होती, पण ती मुख्यतः ठरावीक सरकारी लाभ घेणाऱ्यांपुरती.

जबरदस्तीने काय होते, हे पुण्याला तरी कोणी शिकवायला नको. १८९७ च्या प्लेगात रँडच्या हाताखालचे सोल्जर घराघरांत शिरले, आणि रोगापेक्षा तपासणीचाच धसका लोकांनी जास्त घेतला.

वेळ कचेरीची, जागा पुढाऱ्याची

दहा ते पाच या वेळात धुणीभांडीवाल्या मावशी कामावर असतात, रिक्षावाला रस्त्यावर असतो. एखादी पाळी सकाळी सातला किंवा संध्याकाळी सातनंतर ठेवा. बॅनरवर कोणाचा फोटो मोठा यावर वाद घालण्यापेक्षा वस्तीतल्या दवाखान्याच्या डॉक्टरला सोबत घ्या. धारावीत खासगी डॉक्टरांना पीपीई देऊन सोबत घेतले गेले, कारण ताप आला की माणूस आधी त्यांच्याकडेच जातो. आशाताईंनाही आदल्या दिवशी नुसता निरोप धाडू नका. जागा निवडतानाच विचारा. कुठल्या गल्लीतली माणसे कुठल्या गल्लीत पाऊल टाकत नाहीत, हे त्यांना ठाऊक असते.

उन्हातले टेबल

आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) १४ जून २०२० रोजी जागेवरच झटपट निकाल देणाऱ्या अँटिजेन चाचणीला परवानगी दिली आणि शिबिरांची गती वाढली. चुकाही वाढल्या. ते किट २ ते ३० अंशांत ठेवायचे असते. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली खोकी रचली, की निकालावर भरवसा ठेवणे कठीण. कूलबॉक्स आणा, लागतील तेवढीच पाकिटे बाहेर काढा, आणि 'वेळ वाचतो' म्हणून वीस पाकिटे आधीच फोडून ठेवू नका.

स्वॅब बफरमध्ये, म्हणजे किटसोबतच्या नळीतल्या द्रवात, बुडवला की तो नमुना तासभरच टिकतो, म्हणून चाचणी जागेवरच करायची. नळ्या गोळा करून संध्याकाळी ऑफिसात बसून नाही. निकाल १५ मिनिटांनी वाचायचा, ३० मिनिटांनंतर नाही. गर्दीत नेमके इथेच घोटाळे होतात. टेबलावर चाळीस पट्ट्या पडलेल्या, कुठली कधीची याचा पत्ता नाही, तेवढ्यात जेवणाची सुट्टी. परत येऊन बघावे तर एकीवर पुसटशी रेघ. पॉझिटिव्ह म्हणायचे की उशिराने उमटलेली? उपाय दोन रुपयांचा आहे: प्रत्येक पट्टीवर मार्करने नाव आणि थेंब टाकल्याची वेळ लिहा. 'सी'ची (कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालल्याची) रेघच उमटली नाही तर चाचणी बाद, नवी पट्टी घ्यायची. अशांना निगेटिव्ह सांगून वाटेला लावू नका.

'निगेटिव्ह आली ना, झालं तर!'

आयसीएमआरच्याच पडताळणीत या किटची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के निघाली होती. म्हणजे शंभर बाधितांपैकी सोळा ते एकोणपन्नास जण निसटू शकतात. म्हणून लक्षणे असलेल्याची अँटिजेन निगेटिव्ह आली तर प्रयोगशाळेत होणारी, जास्त भरवशाची आरटीपीसीआर चाचणी करायचीच, हा नियम होता. तो मोडला जायचा 'उद्या मोठ्या हॉस्पिटलात जा' या वाक्याने. तापाने फणफणलेला माणूस उद्या कुठेही जात नाही. दुसऱ्या स्वॅबची नळी त्याच टेबलावर ठेवा आणि लगेच घ्या. लग्नाला जायचे म्हणून निगेटिव्हचा कागद मागणाऱ्याला तो कागद आजपुरताच आहे, हे स्पष्ट सांगा.

रजिस्टरातला नंबर

जुलै २०२० मध्ये बंगळूरु महापालिकेला ३,३३८ पॉझिटिव्ह माणसे सापडत नव्हती. चुकीचा फोन नंबर, अर्धवट पत्ता. काहींनी मुद्दाम दिला असेल, काहींचा घाईत एक आकडा चुकला असेल. नंबर लिहिला की समोरच मिस्ड कॉल द्या. पत्त्यात 'मारुतीच्या देवळामागे' चालेल, पण जोडीला शेजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा नंबर हवा.

लॅबची ताकद न विचारता स्वॅब घेणे ही याचीच बहीण. रिपोर्ट पाच दिवसांनी येणार असेल तर तोवर माणूस चार ठिकाणी फिरून आलेला असतो.

टार्गेट

२०२१ च्या कुंभमेळ्यात हरिद्वारला रोज ५०,००० चाचण्या करा, असा उत्तराखंड उच्च न्यायालयाचा आदेश होता. पुढे सुमारे एक लाख चाचण्या बनावट असल्याचा आरोप झाला आणि गुन्हाही नोंदवला गेला. एकाच मोबाइल नंबरावर कित्येकांच्या नोंदी असल्याचे प्राथमिक चौकशीत आढळले. आकडा पुरा करायचा दबाव आला की भरणाऱ्याला तो भरता येतो. त्यापेक्षा वॉर्डाच्या रोजच्या बैठकीत दोन गोष्टी विचारा: स्वॅबपासून माणसाला निकाल कळेपर्यंत किती तास गेले, आणि काल पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी किती जणांच्या दारात आज आपले कोणी जाऊन आले?