जीआर शोधायचा कसा आणि तो लागू आहे हे ओळखायचं कसं

पेपरात 'मंत्रिमंडळाचा निर्णय' अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी चोपडा-यावलकडचे शेतकरी तालुक्याला जाऊन उभे राहतात आणि 'अजून वरून काही आलं नाही' एवढं ऐकून परततात. कर्मचारी खोटं बोलत नसतो. बातमी म्हणजे जीआर नव्हे. जीआर, म्हणजे शासन निर्णय, निघेपर्यंत खालचं कार्यालय एक रुपयाही हलवू शकत नाही.

तो तयार होतो मंत्रालयातल्या संबंधित विभागाच्या कार्यासनात, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलावर. तिथे टिप्पणी लिहिली जाते, फाइल अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी मंत्र्यांपर्यंत चढते. पैशांचा विषय असला तर वित्त विभागाची सहमती लागते. शेवटच्या परिच्छेदांतला 'अनौपचारिक संदर्भ क्रमांक' हा बहुधा तिचाच. सहीच्या वर 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं असतं, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्याची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त करावी लागते.

शोधणं सोपं आहे. जीआर डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन उघडा, विभाग निवडा, तारखा टाका, विषयातला एकच शब्द मराठीत टाइप करा. 'फळपीक' टाकून नाही सापडलं तर 'फळ पीक' तोडून टाका. विभाग मात्र नीट निवडा: केळीच्या विम्याचा जीआर कृषी विभागात असतो, गारपिटीच्या मदतीचा महसूल व वन विभागात. सांकेतांक, म्हणजे प्रत्येक जीआरचा स्वतःचा लांबलचक आकडा, हाताशी असेल तर तोच टाका, बाकी काही लागत नाही. त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असे असतात. व्हॉट्सॲपवर एकाच पानाचा फोटो आला आणि त्यावर सांकेतांक नसला, तर तो सांकेतांक मिळेपर्यंत कुणालाही पुढे पाठवू नका.

खरी अडचण सापडल्यानंतर सुरू होते. सापडलेला जीआर आज लागू आहे का?

पारोळ्याकडच्या एका काकांबरोबर मी एकदा तालुक्याच्या कार्यालयात गेलो होतो. 'मनाजोडे जीआर शे,' म्हणजे माझ्याजवळ जीआर आहे, असं ते वाटभर सांगत होते. कागद मीच काढून दिला होता, ओळी अधोरेखित केल्या होत्या. समोरच्या साहेबांनी त्याच जीआरचं नंतर निघालेलं शुद्धिपत्रक टेबलावर ठेवलं. ज्या अटीवर आमची सगळी मांडणी उभी होती, तीच बदललेली. काकांचा दिवस गेला, गाडीभाडं गेलं. चूक माझी होती. तेव्हापासून मी हा टप्पा कधीच गाळत नाही.

मी चुकलो ते असं. जीआरच्या वर 'वाचा' म्हणून यादी असते, ती पाहून मला वाटलं सगळे संदर्भ तपासले. पण ती यादी फक्त मागे बघते. तो नंतर कोणत्या निर्णयाने बदलला, हे जुन्या जीआरमध्ये कधीच लिहिलेलं नसतं. संकेतस्थळावर तो जसाच्या तसा पडून राहतो. म्हणून उलटं शोधायचं. त्याच विभागात, जुन्या जीआरच्या तारखेपासून आजपर्यंत, तोच शब्द घालून यादी काढा. प्रत्येक नवा निर्णय, शुद्धिपत्रक, पूरकपत्र उघडा आणि त्याच्या 'वाचा'मध्ये आपल्या जीआरचा क्रमांक दिसतो का ते पाहा. त्या क्रमांकातलं 'प्र.क्र.' म्हणजे प्रकरण क्रमांक. तो जुळला तर बहुतेक वेळा फाइल तीच असते.

क्रमांक दिसला तर मजकूर शब्दन् शब्द वाचा. 'अधिक्रमित करून' असेल तर जुना संपला. 'अंशतः सुधारणा' असेल तर तेवढीच अट बदलली, बाकी जुनंच चालू. तेव्हा दोन्ही कागद सोबत न्या. केळीच्या विम्यात जास्त काळजी घ्या, कारण तिथला जीआर ठरावीक हंगामांपुरता असतो आणि तापमान, वारा, गारपीट यांचे निकष परिशिष्टात असतात. पहिली दोन पानं छापून निघणाऱ्यांना मी दरवेळी परत पाठवतो.

परिपत्रक म्हणजे सूचना किंवा खुलासा. अधिसूचना कायद्याखाली निघते, ती राजपत्रात शोधा.

जुना जीआर संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'योजनेची सर्व माहिती द्या' असं लिहू नका. 'अमुक क्रमांकाचा, अमुक दिनांकाचा शासन निर्णय आणि त्यानंतरची त्याची सर्व शुद्धिपत्रके व पूरकपत्रे' असं लिहा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्यासाठी पोचपावती जपून ठेवा.