शेळ्या-गायींना झाडपाला घालताय? या चुका टाळा

एप्रिल-मे आला की पुरंदर, शिरूर, बारामतीकडे हिरवा चारा संपतो आणि दावणीला उसाचे वाढे अन् कडबा एवढंच उरतं. अशा वेळी बांधावरची सुबाभूळ, शेवरी, हादगा, शेवगा यांचाच आधार. सुबाभळीच्या पाल्यात कोरड्या वजनावर २० ते २५ टक्के प्रथिनं असतात. कडब्यात ती ४-५ टक्क्यांवर जात नाहीत. शिवाय वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवतं आणि पाल्यात कॅल्शियम भरपूर असतं. म्हणून पाला घालाच. पण हिरवागार आहे म्हणून नुसत्या पाल्यावर जनावर काढू नका.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका उन्हाळ्यात तीन आठवडे शेळ्यांना जवळपास सुबाभूळच दिली. एका सकाळी गाभण शेळीच्या पाठीवरून हात फिरवला तर मुठीत केसांचा पुंजका आला. दोघींची लाळ गळत होती, बाकीच्यांनी खाणं कमी केलं होतं. सुबाभळीत मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, कोवळ्या शेंड्यांत आणि बियांत सर्वांत जास्त. कोटीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात) त्याचं रूपांतर होऊन जे तयार होतं ते थायरॉइडवर परिणाम करतं, गळ्याशी गाठ येते. ते पचवणारे जिवाणू सगळ्याच कळपांत नसतात. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना ते हवाईतल्या शेळ्यांत सापडले आणि १९८०च्या दशकात त्यांनी ते ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले. आपल्या कळपात ते आहेत की नाहीत हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून प्रमाण पाळणं हाच उपाय.

प्रमाण म्हणजे एकूण कोरड्या खाद्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी. इथेच गणित चुकतं, कारण ओल्या पाल्यात ७० ते ७५ टक्के पाणीच असतं. ३० किलोच्या शेळीला दिवसाला साधारण एक किलो कोरडं खाद्य लागतं. म्हणजे सुबाभळीचा ओला पाला एक किलोच्या आसपास, बाकी कडबा, गवत. ४०० किलोच्या गायीला असा ओला पाला १० ते १२ किलो. केस गळायला लागले तर सुबाभूळ लगेच बंद करा आणि पशुवैद्यकांना दाखवा. माझ्या शेळ्या सावरल्या, पण महिना गेला.

गिरिपुष्पाचा पाला हुंगून जनावरं तोंड फिरवतात आणि आपण लगेच ‘खात नाही’ म्हणून सोडून देतो. वास उग्र असतो, एवढंच. रात्रभर सावलीत सुकवा, मिठाचं पाणी शिंपडा, पहिले काही दिवस मूठभरच कडब्यात मिसळा. एक शेळी खाऊ लागली की बाकीच्या मागे येतात. घोड्याला मात्र तो देऊ नका.

बाभूळ, बोर यांच्या पाल्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, ते प्रथिनं बांधून ठेवतं. शेळीला ते बऱ्यापैकी पेलतं, गायीला तेवढं नाही. शेण घट्ट, गोळ्यागोळ्यांचं पडू लागलं की हात आखडता घ्या.

सुबाभूळ कडक उन्हात वाळवली की बारीक पानं झडून मातीत जातात आणि हातात काड्या उरतात. सगळी ताकद त्या पानांत होती. ताडपत्रीवर, सावलीत पातळ पसरा, फांद्या झटकून मगच पोत्यात भरा. बुरशीचा वास आला तर ते पोतं खताच्या खड्ड्यात टाका.

पाला वाढवला की पेंड तशीच ठेवणं हीही चूक. प्रथिनं जास्त झाली की नुसती लघवीवाटे जातात. थोडी पेंड कमी करून मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा द्या.

शेवग्यावर किडीची फवारणी झाली असेल तर छाटलेल्या फांद्या गोठ्यात आणू नका. आणि कुंपणातल्या फांद्या एकत्र तोडताना कण्हेर किंवा घाणेरी भाऱ्यात आली नाही ना, हे प्रत्येक वेळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. घाणेरीने कावीळ होते, उन्हात कातडी सोलते. कण्हेरीची थोडी पानंही हृदय बंद पाडतात. जनावराने खाल्ल्याची शंका आली तर वाट न पाहता पशुवैद्यकांना फोन करा आणि ती फांदी त्यांना दाखवायला बाजूला ठेवा.