डी९० की डी७०००? जुने दोन निकॉन समोरासमोर ठेवून तुलना कशी करावी

सोलापुरात डिसेंबर लागला की हा प्रश्न हमखास येतो. गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, जवळ आलेली असते, हातात थोडे पैसे जमलेले असतात आणि कुणीतरी स्टुडिओवाला जुन्या बॉड्या काढत असतो. मग मुलं मोबाईलवर दोन्ही कॅमेऱ्यांचे तक्ते शेजारी लावतात, आकडा मोठा तो कॅमेरा चांगला असं ठरवतात आणि पैसे मोजून मोकळी होतात. ही पद्धत चुकीची आहे. तक्त्यात लिहिलेलं असतं ते खोक्यातून नुकत्याच काढलेल्या कॅमेऱ्याबद्दल. तुमच्या समोर मात्र दहा-पंधरा वर्षं लग्नं, बारशी आणि मिरवणुका मारलेल्या दोन बॉड्या असतात. तुलना त्या दोघींची करायची आहे.

तरीही कागदावरचं एकदा बघून घ्या आणि तो विषय तिथेच संपवा. डी९० ऑगस्ट २००८ मध्ये आला: १२.३ मेगापिक्सेल, सेकंदाला ४.५ फ्रेम, ११ फोकस पॉइंट, आणि व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर. डी७००० सप्टेंबर २०१० चा: १६.२ मेगापिक्सेल, सेकंदाला ६ फ्रेम, ३९ पॉइंट, दोन कार्डांची सोय. दोघांच्याही बॉडीत फोकसची मोटर आहे, म्हणून स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या डी लेन्स दोन्हींवर ऑटोफोकस करतात. डी३१०० किंवा डी५१०० वर ते होत नाही, म्हणून स्वस्तात मिळतोय म्हणून तिकडे वळू नका.

बारा आणि सोळा हे अंतर ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात फोटोची रुंदी ४२८८ पिक्सेल विरुद्ध ४९२८ पिक्सेल, म्हणजे फरक १५ टक्क्यांचा. अल्बमचं १२ बाय १८ चं पान काढलं तर डी९० चे इंचाला साधारण २३८ पिक्सेल पडतात, डी७००० चे २७४. ते पान हातात धरून कोणता फोटो कोणत्या कॅमेऱ्याचा हे सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. ज्यांना नान्नजच्या माळावर लांबचं काळवीट कापून मोठं करायचं आहे, त्यांनाच हा फरक उपयोगी पडेल.

बॉडी तपासणं

हे सोपं आहे. दोन्ही डायल फिरवा, फ्लॅश उघडा, प्रत्येक बटण दाबा, माउंटवरच्या पिना बघा, पकडीचं रबर सुटलंय का ते बघा. रबर सुटलेलं असेल तर घाबरू नका, ते चिकटवता येतं. मेनूत बॅटरी इन्फो उघडा. तिथे बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं, ४ म्हणजे बॅटरी संपत आलेली. डी९० ची ईएन-ईएल३ई बॅटरी डी८०, डी३००, डी७०० यांच्या काळातली आहे, त्यामुळे नवी आणि अस्सल मिळणं अवघड. डी७००० ची ईएन-ईएल१५ पुढे डी७२००, डी७५०, डी८५० पर्यंत चालू राहिली, म्हणून ती सहज मिळते. किमतीत हा फरक धरा.

शटर काउंटसाठी, म्हणजे शटर आजवर किती वेळा चाललं ते कळण्यासाठी, विकणाऱ्याकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल घ्या. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत ती माहिती उरतच नाही. मूळ फाइल एक्सिफटूलसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडली की आकडा दिसतो. डी९० चं शटर १ लाख वेळा आणि डी७००० चं दीड लाख वेळा चालवून तपासलेलं आहे. त्यामुळे ६० हजार चाललेला डी९० आणि ९० हजार चाललेला डी७००० सारखेच झिजलेले समजा. नुसता कमी आकडा बघून भुलू नका.

सेन्सरसाठी एफ/२२ लावून मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या. आपल्याकडे आकाश वर्षातले बहुतेक दिवस स्वच्छ असतं, धूळही मुबलक असते, त्यामुळे चार ठिपके दिसणारच. डी७००० च्या काही बॉड्यांत शटरच्या यंत्रणेतलं तेल सेन्सरवर उडायचं. त्याचे ठिपके ओल्या सफाईनं जातात. ठिपक्यांवरून कॅमेरा नाकारू नका, भाव कमी करा. मुंबई किंवा कोकणातून आलेली लेन्स असेल तर मात्र टॉर्च मारून बुरशी बघाच. सोलापूरच्या कोरड्या हवेत बुरशी सहसा धरत नाही, म्हणून इथले लोक ती बघायची विसरतात.

खरी पायरी: फोकस बाजूला काढणं

इथे थांबून वाचा. मला ही पायरी समजायला सगळ्यांत जास्त काळ लागला आणि बहुतेकांची तुलना इथेच फसते.

दोन कॅमेऱ्यांनी एकाच गोष्टीचे फोटो घेतले, संगणकावर मोठे करून बघितले, एक तीक्ष्ण आणि एक मऊ आला. लगेच निकाल लागतो: याचा सेन्सर भारी, त्याचा बेकार. पण तो मऊपणा सेन्सरचा नसतोच. बहुतेक वेळा फोकस दोन-चार सेंटिमीटर मागेपुढे पडलेला असतो. तुम्ही व्ह्यूफाइंडरमधून बघता तेव्हा फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, तो आरशाच्या खाली बसलेला असतो. आरसा किंवा तो सेन्सर केसाएवढा जरी हलला तरी कॅमेरा बीप वाजवून 'फोकस झाला' म्हणतो आणि फोटो मऊ येतो. बॉडी आपटली असेल, कुणी उघडून दुरुस्त केली असेल, तर हे होऊ शकतं. डी७००० बद्दल 'याचे फोटो मऊ येतात' अशी जी जुनी तक्रार ऐकू येते, तिच्यातला मोठा भाग फोकसच्या जुळणीचा आहे.

म्हणून सेन्सरची तुलना करताना व्ह्यूफाइंडरनं फोकस करायचाच नाही. दोन्ही कॅमेऱ्यांत लाइव्ह व्ह्यू आहे. तिथे मुख्य सेन्सरवर पडलेल्या चित्रावरूनच फोकस होतो, आरशाची चूक मध्ये येत नाही. पडद्यावर चित्र मोठं करून फोकस पक्का करा आणि मग फोटो घ्या.

लेन्स एकच हवी, दोघांना तीच. दोन कॅमेऱ्यांवर त्यांच्यासोबत आलेल्या दोन किट लेन्स लावून केलेली तुलना म्हणजे दोन वेगळ्या पायलींनी मोजलेली ज्वारी. मी ५० मिमी एफ/१.८ डी वापरतो. स्वस्त आहे आणि दोन्ही बॉड्यांवर चालते. तिची अॅपर्चर रिंग २२ वर लॉक करा, नाहीतर पडद्यावर 'एफईई' असं दिसेल आणि लोक कॅमेरा बिघडला म्हणून परत देतील.

समोर काय ठेवायचं? सोलापुरात राहून टेस्ट चार्ट शोधत फिरायचं कारण नाही. घरातली जॅकार्डची चादर भिंतीवर ताणून लावा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखी बारीक वीण, गडद रंग, फिके रंग, तुटक नक्षी, सगळं एकाच ठिकाणी. फक्त चादर सपाट हवी आणि कॅमेरा तिच्या अगदी समोर, काटकोनात. अंतर अडीच मीटरच्या आसपास. ट्रायपॉड आणि टायमर हे सांगायला नकोच.

आता व्ह्यूफाइंडरच्या फोकसची परीक्षा, ती स्वतंत्र. लेन्स एफ/१.८ वर उघडी ठेवा. आधी लाइव्ह व्ह्यूनं एक फोटो घ्या, तो तुमचा आधार. मग व्ह्यूफाइंडरकडे या, मधला पॉइंट निवडा, प्रत्येक वेळी लेन्सचा फोकस हातानं पूर्ण बिघडवून कॅमेऱ्याला पुन्हा फोकस करू द्या आणि फोटो घ्या. असे बरेच घ्या, एकदा जवळच्या टोकाकडून बिघडवून, एकदा अनंताकडून. चादरीच्या शेजारी एक लाकडी पट्टी तिरकी उभी करा म्हणजे फोकस पुढे गेला की मागे हे वाचता येईल.

यूट्यूबवर सांगतात तसं टेबलावर पट्टी आडवी ठेवून तिच्यावरच तिरका फोकस करू नका. हा सल्ला लोकांचे चांगले कॅमेरे विकायला लावतो. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा प्रत्यक्ष फोकस मोजणारा भाग मोठा असतो. तिरक्या पट्टीवर तो कोणता आकडा पकडेल हे तुम्हाला कळत नाही, आणि नसलेली चूक दिसते. फोकस सपाट चादरीवर करा, पट्टी फक्त वाचायला ठेवा.

आता फोटो बघा. सगळे व्ह्यूफाइंडर फोटो एकाच बाजूला, समजा मागे, सरकलेले असतील तर ती जुळणीची चूक आहे आणि ती सुधारते. डी७००० मध्ये एएफ फाइन ट्यून आहे, उणे २० ते अधिक २० पर्यंत, तिथे आकडा बदलून पुन्हा बघा. डी९० मध्ये ही सोयच नाही. त्याचा फोकस सरकलेला असेल तर तो सर्व्हिस सेंटरलाच द्यावा लागतो, आणि आजच्या किमतीत तो खर्च परवडत नाही. माझ्या मते या दोन कॅमेऱ्यांतला सर्वांत मोठा फरक हाच आहे. मेगापिक्सेल नाही, फ्रेम नाही, ही एक मेनूतली ओळ.

फोटो एकदा पुढे, एकदा मागे, एकदा बरोबर असे विखुरलेले आले तर दुसरी लेन्स लावून पुन्हा करा. तरीही विखुरलेले आले तर ती बॉडी सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. फाइन ट्यूननं हा रोग जात नाही.

नॉइज बघणं

नॉइज म्हणजे कमी उजेडात फोटोत दिसणारे दाणे. संध्याकाळी, खिडक्या बंद, एकच दिवा. दोन्ही कॅमेरे मॅन्युअलवर, शटर, अॅपर्चर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स तोच. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा त्याहून संथ ठेवा, नाहीतर दोन फोटोंचा उजेडच वेगळा येईल. उन्हाळ्यात ही परीक्षा घ्यायची असेल तर दोन्ही बॉड्या एकाच खोलीत तासभर ठेवा. चाळीस अंशांत गाडीच्या डिकीतून काढलेला सेन्सर जास्त नॉइज दाखवतो.

रॉ फाइलच घ्या, म्हणजे कॅमेऱ्यानं न सजवलेली कच्ची फाइल. जेपेगमध्ये प्रत्येक कॅमेरा आपापल्या पद्धतीनं नॉइज पुसतो आणि कडा धारदार करतो, मग तुलना सॉफ्टवेअरची होते. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट आहे, दोघांच्या फाइल त्यात उघडा, नॉइज रिडक्शन आणि शार्पनिंग शून्यावर आणा. आणि डी७००० चा फोटो ४२८८ पिक्सेलवर लहान केल्याशिवाय शेजारी ठेवू नका. शंभर टक्के मोठं करून बघितलं तर जास्त पिक्सेलवाला कॅमेरा विनाकारण वाईट दिसतो.

आयएसओ १६०० वर दोघांत फार फरक नाही. ३२०० वर डी७००० स्पष्ट पुढे. पण खरा फरक अंधाऱ्या भागात आहे. डी९० ला आयएसओ २०० आणि डी७००० ला १०० लावा, फोटो मुद्दाम तीन स्टॉप काळा काढा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि संगणकावर उजळवा. डी९० च्या गडद भागात रंगीत कचरा वर येतो, डी७००० ची चादर तशीच्या तशी उभी राहते. डी९० ची रॉ १२ बिटची, डी७००० ची १४ बिटचीही घेता येते. त्यातही सेन्सर दोन वर्षांनी पुढचा.

याचा उपयोग कुठे? गड्ड्याच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला. भर दुपारचं ऊन, संमती कट्ट्याभोवती पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं, आणि फेट्याखाली सावलीत गेलेले चेहरे. डी७००० चं मॅट्रिक्स मीटर, म्हणजे उजेड मोजणारी यंत्रणा, अशा उन्हात फोटो जास्त उजळ काढतं, पांढरं कापड सपाट होऊन जातं. एक्स्पोजर उणे ०.७ वर ठेवा आणि चेहरे नंतर उजळवा, ती फाइल ते सहन करते. डी९० वर उणे ०.३ च्या खाली जाऊ नका. होमाच्या रात्री दिव्यांनी सजवलेले नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, होम मैदानाकडे निघतात, तेव्हा मात्र दोन्ही कॅमेऱ्यांवर तीच ५० मिमी लेन्स लावा. किट लेन्स लावलेल्या डी७००० पेक्षा ५० मिमी लावलेला डी९० त्या रात्री चांगले फोटो देईल.

व्हिडिओसाठी दोन्हींकडे बघू नका, खिशातला फोन बरा.

घ्यायचा कोणता

फोकस दोघांचा ठीक असेल आणि भावातला फरक एका ५० मिमी लेन्सच्या किमतीएवढा किंवा त्याहून कमी असेल तर डी७००० घ्या. फरक त्याहून जास्त असेल तर डी९० घ्या आणि उरलेल्या पैशांत लेन्स घ्या. घरात आजोबांच्या फिल्म कॅमेऱ्याच्या, हातानं फोकस करायच्या जुन्या एआय लेन्स पडून असतील तर विचार न करता डी७०००, कारण त्या लेन्सवर त्याचं मीटर चालतं, डी९० चं चालत नाही. हिप्परग्याच्या तलावावर पक्षी टिपायचे असतील तरीही डी७०००, फक्त लक्षात ठेवा की रॉ मध्ये दहा-अकरा फोटोंत त्याचा बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती जागा, भरतो, बोट दाबून धरायची सवय लावू नका.

डी९० चा फोकस सरकलेला निघाला तर घेऊ नका. डी७००० चा सरकलेला निघाला आणि फाइन ट्यूननं जुळला तर तो दोष विकणाऱ्याला पडद्यावर दाखवा, भाव पाडा आणि घ्या. घरी आल्यावर प्रत्येक लेन्ससाठी तो आकडा वेगळा भरा. झूम लेन्सला एकच आकडा भरता येतो, म्हणून तुम्ही सर्वांत जास्त वापरता त्या टोकाला तो जुळवा.