मोंटोलला सोंग घेऊन जाताय? या चुका टाळा

पहिल्या मोंटोलला माझा मुखवटा जेमतेम पाऊण तास टिकला. फुग्यावर वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीने चिकटवून, पोस्टर कलरने रंगवून घुबड केलं होतं. पेन्झान्सला २१ डिसेंबरच्या संध्याकाळी समुद्रावरून भुरभुर सुरू झाली, आधी चोच मऊ पडली, मग ती हनुवटीवर आली. शेजारी पुरुषी टेलकोट घातलेल्या, तोंडावर लेसचा पडदा ओढलेल्या एक आजीबाई होत्या. त्यांनी न बोलता खिशातून सेफ्टी पिन काढून दिली.

पेन्झान्स हे ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकाचं, कॉर्नवॉलमधलं गाव. वर्षातल्या सर्वांत छोट्या दिवशी तिथली माणसं सोंगं घेऊन रस्त्यावर उतरतात, तोच हा मोंटोल उत्सव. ‘सोंग’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. तिथे ज्याला गाइज डान्सिंग म्हणतात (जुनी माणसं ‘गीझ’ म्हणतात) त्याला याहून नेमका शब्द नाही, आणि जव्हार-मोखाड्याचा मुखवट्यांचा बोहाडा पाहिलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

आता मुखवट्याचं. खळ वाईट नाही, घाई वाईट. पाच-सहा थर द्या, प्रत्येक थर खडखडीत वाळू द्या, पोस्टर कलरऐवजी अ‍ॅक्रिलिक वापरा आणि वॉर्निशचा हात बाहेरून जसा तसा आतूनही फिरवा. आतून सगळेच विसरतात. पाऊस बाहेरून भिजवतो तसा तुमचा श्वास आतून भिजवतो, आणि थंडीत तासाभरात कागद लिबलिबीत होतो. इलॅस्टिकवर भिस्त ठेवू नका. ओलं झालं की ते सैल पडतं. दोन्ही बाजूंना रुंद नाडी लावून डोक्यामागे गाठ मारा.

चष्मेवाल्यांनी पूर्ण मुखवट्याच्या वाटेलाच जाऊ नये. श्वास वर चढतो, काचा धुरकटतात आणि मिरवणुकीत चॅपल स्ट्रीटच्या उतारावर पुढच्याच्या टाचा तुडवत चालावं लागतं. नाकाखाली मोकळा असलेला अर्धा मुखवटा घ्या आणि नाकाच्या दांडीवर आतून स्पंजची पट्टी चिकटवा, म्हणजे वाफ खालून निघून जाते. डोळ्यांची भोकं घरात दिव्याखाली बघून कापू नका. रात्री अंगणात चार पावलं चालून बघा, मग ठरवा.

कपड्यांत दोन गोष्टी सांभाळा. जॉर्जेटची जुनी साडी फाडून चिंध्यांचा कोट शिवायची कल्पना मराठी घरात हमखास सुचते. नको. आसपास मशाली असतात, आणि असं कापड पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. सुती किंवा लोकरीच्या पट्ट्या जुन्या कोटावर शिवा. दुसरं, जुन्या काळी सोंगाडे तोंडाला काजळी फासत असं वाचून कुणी तसं करू नये. आज ते अपमानास्पद ठरतं, आणि मुखवटा असताना त्याची गरजही नाही.

सुपरमार्केटातली सांगाड्याची किंवा सुपरहिरोची तोंडं घालून येणारे दरवर्षी दिसतात. हाकलत कुणी नाही, पण लग्नात ट्रॅकसूटवर गेल्यासारखं दिसतं. इथली खरी गंमत मोठेपणाची टर उडवण्यात आहे: विटका टेलकोट, उंच टोपी, तोंडावर घरातला लेसचा पडदा, बायकांचे कपडे पुरुषांवर आणि पुरुषांचे बायकांवर.

पेनग्लाझ नावाचा घोडा येतो, त्याचं डोकं म्हणजे घोड्याची कवटी. (कॉर्निशमध्ये, म्हणजे कॉर्नवॉलच्या भाषेत, ‘पेन’ म्हणजे डोकं, ‘ग्लाझ’ राखाडी किंवा निळसर.) लहान मुलांना आधी सांगून ठेवा, ती घाबरतात. मोठ्यांनी त्याचं कापड मागून ओढू नये. आत माणूस आहे आणि त्याला धड दिसत नसतं.

‘हजारो वर्षांचा प्राचीन उत्सव’ असं लिहून फोटो टाकू नका. मोंटोल सुरू झाला २००७ साली. जुनी आहेत ती सोंगं, नाच, आणि लाकडाच्या ओंडक्यावर खडूने माणूस काढून तो ओंडका जाळण्याची रीत. ‘मोंटोल’ हा शब्दही जुना, एडवर्ड लुइड या वेल्श अभ्यासकाने १७०० च्या सुमारास नोंदवलेला. आणि हा उत्सव ‘इंग्लिश’ आहे असं कॉर्निश माणसासमोर म्हणू नका. उत्सवाला ‘कॉर्निश संक्रांत’ही म्हणू नका. संक्रांतही एकेकाळी याच अयनदिनाला, म्हणजे सर्वांत छोट्या दिवसाला, जोडलेली होती, पण दर ७२ वर्षांना साधारण एक दिवस या हिशेबाने सरकत ती आता १४-१५ जानेवारीला येऊन ठेपली आहे.

रात्री परतायचा विचारही नको. लंडनच्या पॅडिंग्टनहून गाडीला पाच तासांहून जास्त लागतात. अंधार साडेचारलाच पडतो, तेव्हा दुपारीच पोहोचा, खोली आधी घ्या, आणि मिरवणुकीच्या वेळा त्या वर्षीच्या पत्रकावरून बघा, मागच्या वर्षीच्या नव्हे.

सगळ्यात मोठी चूक मीही केली, आपली बहुतेक मंडळी करतात: दर दहा मिनिटांनी मुखवटा कपाळावर सारून सेल्फी. समोरचा सोंगाडा लगेच दुसरीकडे वळतो. तोंड दिसलं की तुम्ही प्रेक्षक झालात, आणि तो तुमच्याशी खेळत होता ते तुम्ही कोण हे ठाऊक नव्हतं म्हणूनच.

दुसऱ्या वर्षी वॉर्निश केलेलं घुबड रात्रभर टिकलं. आजीबाईंची पिन परत करायला खिशात ठेवली होती. बाजारचौकात लेसचे पडदे निदान चाळीस तरी होते. पिन अजून माझ्याकडेच आहे.