उंचावर झोप मोजायची कशी?

अडीच हजार मीटरच्या वर मुक्काम पडला की पहिल्या दोन-तीन रात्री अनेकांची झोप उडते. सकाळी सगळे एकच वाक्य म्हणतात, ‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही.’ या एका वाक्यात तीन-चार वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. डोळा लागायलाच उशीर होतो, लागला तरी सारखी जाग येते, पहाटे उठल्यावर पुन्हा झोप लागत नाही, किंवा तास भरूनही अंग आंबलेलं राहतं. या तक्रारी वेगवेगळ्या मोजल्या नाहीत तर आकडा हाती येतो, पण त्यातून काहीच कळत नाही.

पहिली चूक होते ती प्रश्नावली निवडताना. पिट्सबर्ग निर्देशांक मागच्या महिन्याची झोप विचारतो (० ते २१ गुण, ५ च्या वर झोप खराब). निद्रानाश तीव्रता निर्देशांक दोन आठवड्यांची विचारतो (० ते २८, १५ पासून मध्यम निद्रानाश). वर येऊन दोनच रात्री झालेल्या माणसाला हे विचारलं की तो घरची झोप आणि तंबूतली झोप एकत्र कालवून उत्तर देतो. या दोन्ही प्रश्नावल्या निघण्याआधी घरी भरून घ्याव्यात. निद्रानाश आधीपासूनच होता का, एवढं त्यातून कळतं. रोज सकाळसाठी एकाच रात्रीबद्दल विचारणारी ग्रोनिंगेन मोजपट्टी घ्यावी (० ते १४, गुण जास्त तितकी झोप वाईट). अथेन्स मोजपट्टीही वापरतात. तिच्यात ८ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण आणि बेरीज ६ किंवा जास्त आली तर निद्रानाश, असा हिशेब आहे. पण तिचे शेवटचे तीन प्रश्न दिवसा वाटणारा उत्साह, कामाची क्षमता आणि पेंग यांबद्दल आहेत. विरळ हवेत चांगली झोप झाली तरी माणूस दमलेलाच असतो, त्यामुळे इथे गुण फुगतात. म्हणून पहिल्या पाच प्रश्नांची बेरीज वेगळी लिहावी. त्या बेरजेला मात्र ६ चा निकष लावू नये, फक्त रात्रींची आपसात तुलना करावी.

प्रश्नावलीपेक्षा झोपेची वही जास्त उपयोगी पडते. उठल्यावर अर्ध्या तासात पाच गोष्टी लिहायच्या: दिवा कधी मालवला, अंदाजे किती मिनिटांनी झोप लागली, मधे एकूण किती वेळ जागे होतो, शेवटची जाग कधी आली, अंथरुणातून कधी उठलो. रात्री घड्याळ बघायचं नाही. बघितलं की झोप लागायला आणखी उशीर होतो, सकाळचा अंदाज पुरेसा असतो.

समजा, दिवा ९:३० ला मालवला आणि अंथरूण ६ वाजता सोडलं. अंथरुणात ५१० मिनिटं गेली. झोप लागायला ५०, मधली जाग ७० आणि ५:२० ला जाग आल्यावर नुसतं पडून राहण्यात ४० मिनिटं गेली. उरली ३५० मिनिटं. ३५० भागिले ५१० म्हणजे जवळपास ६९ टक्के, ही झाली झोपेची कार्यक्षमता. साधारण ८५ टक्के किंवा जास्त असेल तर ठीक मानतात. पण इथे खरी तुलना स्वतःच्या घरच्या आकड्याशी करायची, म्हणून निघण्याआधी किमान तीन रात्री ही वही घरी भरलेली हवी.

जाग आल्याच्या नोंदीपुढे कारणाचं अक्षर लिहावं: ‘ल’ लघवी, ‘थ’ थंडी, ‘आ’ आवाज, ‘ड’ डोकेदुखी, ‘श्वा’ गुदमरून जाग. उंचावर लघवीचं प्रमाण तसंही वाढतं आणि ॲसिटाझोलामाइड (उंचीच्या आजारावरची गोळी) सुरू असेल तर आणखी वाढतं. नुसता जागेचा आकडा धरला तर मूत्राशयाचा दोष श्वासावर जातो. चहा-कॉफी, मद्य आणि कुठलीही गोळी वेळेसकट नोंदवावी.

‘श्वा’ वारंवार येत असेल तर शेजारी झोपलेल्याचं निरीक्षण कामी येतं. उंचावरचा लयबद्ध श्वास कानाला लगेच ओळखू येतो. तीन-चार खोल श्वास, मग शांतता, मग एकदम दम घेतल्यासारखा मोठा श्वास आणि पुन्हा तेच. प्राणवायू कमी म्हणून श्वास जोरात चालतो, त्यात कार्बन डायऑक्साइड इतका घटतो की मेंदू श्वासाची आज्ञाच थांबवतो. असं एक चक्र बहुधा २० ते ३० सेकंदांचं असतं. पाच मिनिटं स्टॉपवॉच लावून चक्रं मोजावीत. श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला तर तो खंड धरावा.

आता यंत्रं. ऑक्सिमीटर (रक्तातल्या प्राणवायूची टक्केवारी, म्हणजे संपृक्तता, मोजणारं यंत्र) रात्रभर नोंद साठवणारा हवा. बोटाला चिमटा लावून क्षणभर दिसणारा आकडा इथे चालत नाही, आणि अधूनमधून मोजणाऱ्या मनगटी घड्याळाच्या हाती ही २०-३० सेकंदांची चक्रं लागत नाहीत. नोंद दर सेकंदाला आणि सरासरीचा काळ ३ सेकंद किंवा कमी ठेवावा. तो लांबवला तर खड्डे बुजून रेघ सपाट दिसते. नखाला रंग नको, बोट गरम हवं, हात स्लीपिंग बॅगच्या आत. गार बोटाचा आकडा खोटा येतो. बॅटरीही थंडीत लवकर उतरते, म्हणून यंत्रही आतच ठेवावं.

अर्थ लावताना बहुतेक जण फसतात ते इथे. घरी धमनीतल्या प्राणवायूचा दाब ९५ वरून ८५ मिलिमीटरवर उतरला तर संपृक्तता जेमतेम टक्काभर कमी होते. उंचावर तोच दाब ५५ वरून ४५ वर आला तर ती सुमारे ८ टक्के घसरते, कारण दाब आणि संपृक्तता यांच्या आलेखाच्या उतारावर आपण असतो. म्हणून तासाला किती वेळा ३ टक्क्यांनी घसरण झाली, हा आकडा उंचावर आपोआप वाढतो. त्यावर घरचे निकष लावून कुणाला झोपेतल्या श्वासविकाराचं निदान चिकटवू नये. ‘९० च्या खाली किती वेळ’ हे मापही निरुपयोगी, मूळ रेषाच ९० च्या खाली असू शकते. रात्रीची सरासरी आणि घसरणींची संख्या लिहावी, आणि दोन रात्रींची तुलना उंची सारखी असेल तरच करावी.

मनगटावरचं हालचाल मोजणारं यंत्र कमी वापरातल्या हाताला बांधावं. ते निश्चल पडलेल्या जाग्या माणसाला झोपलेला समजतं आणि श्वासामुळे येणारी काही सेकंदांची जाग त्याला दिसत नाही. वही आणि यंत्र यांत तासाभराचा फरक पडला तर वही खोटी ठरवण्याची घाई करू नये. गाढ झोप किती आणि खंड मेंदूमुळे की घशातल्या अडथळ्यामुळे, हे कळायला पूर्ण पॉलिसोम्नोग्राफीच (झोपेत एकाच वेळी अनेक नोंदी घेणारी तपासणी) लागते: मेंदूलहरी, डोळे, हनुवटीचे स्नायू, नाकातला प्रवाह, छाती-पोटाचे पट्टे. पट्टे हलतात पण प्रवाह नाही, तर अडथळा. दोन्ही थांबले, तर मेंदूची आज्ञा.

झोपेचे गुण आणि उंचीच्या आजाराचे गुण वेगळ्या रकान्यात ठेवावेत. उंचीचा आजार मोजणाऱ्या लेक लुईस मोजपट्टीतून २०१८ मध्ये झोपेचा प्रश्न काढून टाकला, कारण खराब झोप आणि बाकीची लक्षणं यांचा मेळ नीट बसत नव्हता. आता डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, थकवा आणि चक्कर एवढंच विचारतात, तेही वर पोचल्यावर ६ तासांनी. डोकेदुखी असून बेरीज ३ किंवा जास्त झाली तर आजार धरतात. बसल्या जागी धाप लागत असेल, सरळ रेषेत एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत चालता येत नसेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर वही बाजूला ठेवून त्याला लगेच खाली न्यायचं, रात्र असली तरी.